नाव घेतलं न्हवतं, आवाज काढला होता

निरवांगीतल्या पोरांनो, आणि तुमच्यातली जी माझ्यासारखी बाहेर पडलीत त्यांनो,

लोक दुबईला जातात, आखातात जातात. मी बारामतीला गेलो. एसटीनं तासाभराचा रस्ता. पण त्या दिवशी फाट्यावर आई अशी रडत होती की शेजारी उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "मिल्ट्रीत चाललंय का वं पोरगं?" आई म्हणली, "न्हाय, बारामतीला." ती बाई आपल्या मेथीच्या पाटीकडं बघायला लागली. तिची मेथी रोज बारामतीला जात होती, तिच्यासाठी कुणी एवढं रडलं न्हवतं.

अण्णा लांब, चहाच्या टपरीजवळ उभे होते. ते बोलत न्हवते, आणि कारण तुमाला सगळ्यांना म्हाईत हाय. पण बाहेर पडलेल्यांना म्हाईत न्हाय, म्हणून सांगतो.

मला गावात सगळे 'टेप' म्हणायचे. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी दोन वर्गांना सुट्टी दिली होती, तेव्हापासनं. सरपंच, ग्रामसेवक, ट्रॅक्टर रिव्हर्स घेतानाचा ड्रायव्हर, उसाच्या तोडीसाठी मुकादमाच्या हातापाया पडणारा बागायतदार, सगळे माझ्या घशात राहायला होते. हळद असो, बारसं असो, 'टेप लावा' म्हटलं की मी चालू. आणि टेप चालायला तेल लागतं, असं तुमीच म्हणायचा. आधी बिअरचा ग्लास, मग क्वार्टर, मग नकला नसल्या तरी क्वार्टर. शेवटी शेवटी मी चपटी म्हशीच्या पेंडीच्या पोत्यात ठेवायचो आणि सकाळी म्हशीच्या आधी मी पोत्यात तोंड घालायचो.

इंदापूरकडं एका कंपनीत कामाला होतो. सकाळी उठवायचं न्हाय तेव्हा मी सुपरवायझरला अण्णांच्या आवाजात फोन लावायचो. अण्णा पाटकरी. पाळी आली की पाट फोडून कुणाच्या शेतात पाणी सोडायचं ते बघणारा माणूस. उभा जन्म पाटाच्या ह्या काठावरनं त्या काठावर ओरडण्यात गेला, त्यामुळं आवाज खर्जातला, भारदस्त. त्या आवाजात "सायेब, पोराला ताप हाय" म्हटलं की समोरचा उभा राहून ऐकायचा. ताप झाला, जुलाब झाले, मग एकदा कारण सुचेना. मी अण्णांच्या आवाजात सांगितलं, "सायेब, आमचं धाकटं बंधू वारलं."

सुपरवायझर चांगला माणूस. दुपारी हार घेऊन घरी आला. धाकटे बंधू, म्हणजे माझे चुलते, दारात आरसा टांगून दाढी करत होते. त्यांनीच विचारलं, "कोण गेलं वं?"

तुमी हसताय. मीही ही गोष्ट सांगून लई हशा घेतलाय. पण अण्णा हसले न्हाईत. माझी नोकरी गेली, आणि तेव्हापासनं फाट्यावर येईपर्यंत ते माझ्याशी बोलले न्हाईत. एसटी आली, मी पाया पडलो, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "काय न्यायचं ते ने. माझा आवाज तेवढा हितं ठीव."

मी ठेवला. आजपर्यंत काढला न्हाय.

बारामतीत मावसभावाच्या ओळखीनं एका दुकानात लागलो. रिक्षावर भोंगा लावून गावभर जाहिराती फिरतात ना, त्या आमी रेकॉर्ड करतो. साड्यांचा सेल, नवीन दवाखाना, शेळ्यांचा बाजार. माईक, कॉम्प्युटर, कानाला हेडफोन. पहिल्याच महिन्यात मी शेळीचा आवाज असा काढला की रिक्षामागं दोन बोकड चालत गेले. दारू मात्र फाट्यावर मागं राहिली न्हवती, माझ्याबरोबर पुढच्या सीटवर बसून आली होती. गावात निदान कुणीतरी पाजायचं. इथं मीच पाजायचो, मलाच. खोलीवर एकटा. नकला करायला समोर कोण न्हाय, फक्त पंखा.

मग एक जाहिरात आली. "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा! चहात टाका, भाजीत टाका!" कसल्यातरी पुडीची. आता हसू नका, ती जाहिरात मी सकाळी दोन पेग लावून रेकॉर्ड केली. मालकाला काय कळलं न्हाय, गिऱ्हाईकाला कळलं न्हाय. रिक्षा दोन दिवस फिरली. तिसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली. पन्नाशीची, पदर खोचलेला, हाताला कांद्याचा वास. पुढच्या चौकात तिची खानावळ होती.

"त्या पुडीच्या जाहिरातीत बोलतोय कोण?" ती म्हणली.

मला वाटलं कौतुक. "मीच की, मावशी."

"पिऊन बोललायस."

"छ्या! कायतरीच."

"'दारू सोडवा'तला 'ड' तुझा घसरतोय. दोन दिस माझ्या दारावरनं फिरतोयस. मी नऊ वर्षं प्यायले रं बाबा, आणि सोडूनही नऊ झाली. मला भोंग्यातनं वास येतो."

दुकानात मालक होता म्हणून ती पुढं हळू आवाजात बोलली. "रविवारी साडेधाला शाळेत ये. पुडी न्हाय, फी न्हाय, भाषण न्हाय. नुसतं बसायचं."

त्या रविवारी मी न्हाय गेलो. त्याच्या पुढच्याही न्हाय. तिसऱ्या रविवारी गेलो ते फक्त बघायला, की नवीन काय आवाज मिळतायत का. खरं सांगतोय. मला वाटलं, धा-बारा पिणारे एका खोलीत म्हणजे खजिना.

शाळेची दुसरीची खोली. भिंतीवर बेडकाचं जीवनचक्र. बाकडी बुटकी, आणि त्यात गुडघे छातीला लावून बसलेली मोठी मोठी माणसं, एक जण तर बाकड्यासकट उठला. मावशी स्टुलावर. सुरुवातीला तिनं एकच नियम सांगितला, दर वेळी सांगते: "हितं जे ऐकाल ते हितंच ठेवून जायचं. कुणाचं नाव बाहेर घ्यायचं न्हाय." मग एकेक जण बोलतो. नाव सांगतो, म्हणतो मी दारुडा हाय, आणि बोलतो. कोण मधे बोलत न्हाय, कोण सल्ला देत न्हाय. आपल्याकडं कुणी बोलायला लागलं की तीन जण मधे तोंड घालतात, इथं बारा जण गप. मला त्या शांततेचीच पहिल्यांदा भीती वाटली.

त्या दिवशी तात्या बोलले. तात्या कोऱ्हाळ्याचे, बागायतदार, सहा वर्षं प्यायलेले न्हाईत. ही गोष्ट मी त्यांना विचारून लिहितोय. थोडी बदललीय, त्यांनी सांगितलं तशी. "म्हैस लिही," ते म्हणले, "म्हैस चालंल." तर ते म्हणले, पीत होतो तेव्हा कारभारणीला लई त्रास दिला. माफी मागायचं रोज ठरवायचो. सकाळी गोठ्यात जाऊन म्हशीसमोर सराव करायचो, 'माझं चुकलं. ऐकतीस का, माझं चुकलं.' म्हशीला म्हणून झालं की घरात यायचो, आणि कारभारणी दिसली की जीभ टाळ्याला चिकटायची. दारू सोडून सहा वर्षं झाली. अजून म्हशीलाच म्हणतोय.

सांगता सांगता ते रडले. मी हसलो न्हाय. पण माझ्या घशानं त्यांचा आवाज उचलला. ते आपोआप होतं, मी काय करत न्हाय. आवाज कसा होता ते लिहिणार न्हाय. का ते कळंलच.

मी जात राहिलो. पहिला आठवडा हात थरथरत होते, मावशीनं डॉक्टरकडं नेलं, मग उतरलं. एक रविवार, दुसरा रविवार. तात्या माझ्याच बाकड्यावर बसायचे. मधल्या आठवड्यात फोन करायचे, "काय टेप, चालू का बंद?" मी म्हणायचो, "बंद, तात्या." ते म्हणायचे, "झ्याक." एवढंच. आठ महिने झाले. आठ महिने मला सकाळी उठल्यावर काल काय झालं ते आठवत होतं. ज्यांना रोजच आठवतं त्यांना ह्यातली चैन कळायची न्हाय.

आणि मग वैशाखात आपल्या गण्याची हळद.

तुमी होताच तिथं. दुपारची वेळ, मांडवात कुलर, मी सरबताचा ग्लास घेऊन बसलेलो. तुमी म्हणलात, "टेप्या पीत न्हाय आता, मग कसली मजा." कुणीतरी म्हणलं, "तेल न्हाय तर टेप कसा चालंल?" मला ते झोंबलं. मला दाखवायचं होतं की बिनतेलाचा टेप जास्त वाजतो. मग मी नवीन आयटम केला. बाकड्यात अडकलेला माणूस केला. आणि मग म्हशीची माफी मागणारा केला. 'माझं चुकलं, ऐकतीस का,' आणि मधे मधे म्हशीचं मान हलवणं. नाव घेतलं न्हाय, गाव घेतलं न्हाय, मिटिंग म्हणलो न्हाय. नियम पाळला असंच मला वाटत होतं. मांडव लोळत होता. बायका चुलीपासनं उठून आल्या. मला आठ महिन्यांत असा हशा मिळाला न्हवता. पिऊन जे व्हायचं, तेच डोक्यात झालं.

तेवढ्यात पावण्यातला एक जण मांडी थोपटत उठला. "आरं, ह्यो तर आमच्या कोऱ्हाळ्याचा तात्या! हुबेहूब! तात्या म्हशीची माफी मागतोय व्हय?"

मी म्हणलो, "न्हाय न्हाय, कोण तात्या?" पण ते सुद्धा चुकून त्यांच्याच आवाजात निघालं.

पावणा कोऱ्हाळ्याचा निघंल हे मला काय म्हाईत? पण हे पण खरं न्हाय. बारामती न् इंदापूरच्या मधे कुठल्या मांडवात कोऱ्हाळ्याचा पावणा नसतो? दुसऱ्या कुणाची चूक झाली असती तर नाव सांगून झाली असती. माझी नाव न सांगता झाली.

येणाऱ्या रविवारी बाकड्यावर मी एकटा होतो. फोन लावला, बंद. पुढच्या रविवारीही न्हाईत. तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तात्या पीत होते हे कोऱ्हाळ्यात शेंबड्या पोराला म्हाईत होतं, गावात पिणं कुणाचं लपत न्हाय. लपवायचं असतं ते रडणं. सहा वर्षं त्यांनी ते ह्या खोलीत ठेवलं होतं आणि मी ते मांडवात नेऊन वाजवलं.

मी मावशीला म्हणलो, "मला काढा."

"हितनं कुणाला काढत न्हाईत," मावशी म्हणली. "तेवढं सोपं नसतंय. उद्या सकाळी कोऱ्हाळ्याला जा."

"आधी फोन करून..."

"फोन करू नको. फोनवर तुझा काय भरवसा, कुणाच्या आवाजात बोलशील."

खोलीत दोघं-तिघं हसले. मला न्हाय हसू आलं. माझ्या डोक्यात एकच होतं, तात्यांनी परत लावली असंल तर? सहा वर्षं माझ्या पाच मिनिटांच्या आयटमवर गेली असतील तर? शाळेतनं बाहेर पडलो आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा माझे पाय दारूच्या दुकानाच्या गल्लीकडं वळले. कोपऱ्यापर्यंत गेलोही. मग काय झालं कोण जाणे, खानावळीत गेलो. मावशीनं समोर लसणाची पिशवी टाकली. संध्याकाळपर्यंत मी दोन किलो लसूण सोलला. अजून कुठं लसणाचा वास आला की मला वाचल्यासारखं वाटतं.

सकाळी मावसभावाची गाडी घेऊन कोऱ्हाळ्याला गेलो. तात्यांची वस्ती शेतातच. ते उसाला पाणी धरून होते, पँट गुडघ्यापर्यंत, हातात फावडं. मला बघितलं आणि परत बारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवायला लागले. मी बांधावर उभा. गाडी स्टँडला लावली, काढली, परत लावली.

"पिलो न्हाय," ते वर न बघता म्हणले. "तेच बघायला आलायस न्हवं?"

पोरांनो, मी बांधावर बसलो.

"गावात शिरलो की पोरं म्हशीसारखी मान हलवत्यात," तात्या म्हणले. "डेअरीवर गेलो तर एक म्हणतो माझं चुकलं, दुसरा म्हणतो ऐकतीस का. पंधरा दिस झालं." मग फावडं चिखलात रोवून माझ्याकडं वळले. "काढ. माझ्या म्होरं काढ. बघू तरी कसा काढतोस."

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, आवाज होता, घशात अगदी वरच होता. पण तो बाहेर येईना. जे आलं ते माझ्याच आवाजात आलं, तेही फाटकं. "तात्या, माझं चुकलं."

"घ्या! हा अजून एक आला!"

मागं काकू उभ्या होत्या. तात्यांच्या कारभारणी. हातात दुधाची किटली, बहुतेक डेअरीवरनं येत होत्या.

"गिरणीत जाते तर गिरणीवाला म्हणतोय माझं चुकलं. डेअरीवर जाते तर मापाडी म्हणतोय माझं चुकलं. कोण कुठला निरवांगीचा, हा पण गाडी घेऊन आला माझं चुकलं म्हणायला." त्यांनी किटली बांधावर आपटली. "सगळ्या गावानं माझी माफी मागून झाली वं. तुमचंच तेवढं राहिलंय."

तात्या फावड्याला धरून उभे. पाणी एका सरीतनं दुसऱ्या सरीत फुटून चाललं होतं आणि त्यांचं लक्ष न्हवतं. पाटकऱ्याचा पोरगा हाय मी, माझं होतं. मी ते फावडं त्यांच्या हातातनं घेतलं, बारं बांधलं, आणि त्या दोघांकडं पाठ करून पाणी बघत राहिलो. माझ्या मागं ते काय बोलले ते मला ऐकू आलं. लिहिणार न्हाय. कुणालाच सांगितलेलं न्हाय, मावशीलासुद्धा. ते तिथंच ठेवून आलोय.

निघताना काकूंनी चहा दिला. तात्या एवढंच म्हणले, "परत मांडवात दिसलास तर तंगडं मोडीन." मी म्हणलो, "व्हय तात्या." आणि ते हसले. ओठाच्या कोपऱ्यातनं, पण हसले.

मी बारामतीला थांबलोच न्हाय, गाडी सरळ निरवांगीला घातली. दुपारी पोचलो. अण्णा कडबाकुट्टीवर होते. मी मशीन बंद केली आणि त्यांना सांगायला लागलो. बाकड्यावर बसून बारा परक्या माणसांना आठ महिने जे सांगत होतो ते. पोतं, चपटी, खोलीवरचा पंखा, थरथरणारे हात, शाळा, मावशी. अण्णा कडब्याच्या पेंढीवर बसून ऐकत होते. एकदाही मधे बोलले न्हाईत, कुणी शिकवलं न्हवतं तरी.

माझं संपल्यावर म्हणले, "म्हंजी दर रविवारी तू तिकडं जातोस?"

"व्हय."

"मी हितं सगळ्यांना सांगत होतो, पोरगं बारामतीला कोर्स करतंय."

"मग कोर्सच हाय की, अण्णा."

"किती वर्साचा?"

"संपत न्हाय म्हणत्यात."

अण्णांनी अंगावरचा कडबा झटकला. "असू दे. फी न्हाय म्हणतोस न्हवं." मग मशीन चालू करायला उठले आणि आईला हाक मारली, असली की पाटाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जावी. कोंबडीचं बघ म्हणले.

पुढच्या रविवारी मी साडेनऊलाच शाळेत जाऊन बसलो. साडेधा झाले. मावशीनं नियम सांगितला, ह्या वेळी माझ्याकडं बघत. पावणेअकराला दार वाजलं. तात्या. इस्त्रीचा शर्ट. माझ्या बाकड्यावर येऊन बसले, मला ढकलून.

मावशी म्हणली, "तात्या, बोलताय?"

"आज न्हाय," तात्या म्हणले. "आज घरी बोलून आलोय."

खोलीत कोण टाळ्या वाजवत न्हाय, तशी पद्धत न्हाय. पण सगळी बाकडी एकदम करकरली.

मला आता कुणी घर कुठं विचारलं तर मी निरवांगीच सांगतो, आधार कार्डावर तेच हाय. पण मनात दोन येतात. एक दुसरीची खोली, जिथं सांगितलेलं आत राहतं. आणि एक अण्णांचा कडब्याचा ढीग, जिथं ते शेवटी न्यावं लागतं. मी कुठं बाहेर पडलो असं मला आता वाटतच न्हाय. तासाभराचा तर रस्ता. एका घरातनं दुसऱ्या घरात जातोय, मधे दारूच्या गल्लीला उतरत न्हाय, एवढंच.